लाँड्रीत मी वर केलेला हात

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार ती, वय सदुसष्ट पूर्ण, अविवाहित, पूर्वी वाफेच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावर कामाला, आता कुठेच नाही, हे माझ्या मर्जीने आणि कुणाच्या दबावाखाली न येता लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसे ठिकाणावर नाहीत. त्याचाही दाखला आहे, पण तो जोडायची गरज नाही असे वकीलबाई म्हणाल्या.

वकीलबाईंनी मला छापील नमुना दिला होता. त्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या होत्या. मी भरून पाहिल्या. मला जे खरोखर सांगून जायचे आहे त्याला त्यात जागाच नव्हती, म्हणून हे हाताने लिहिते आहे. याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यातले नववे कलम फक्त एका माणसाला शाप देण्यासाठी होते. ते मृत्युपत्र मी पूर्णपणे रद्द करते. सापडले तर फाडावे, वाचू नये.

कलम पहिले. दुसऱ्या मजल्यावरचे माझे दोन खोल्यांचे घर माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या बहिणीच्या एकुलत्या मुलीला द्यावे. पुढची खोली तिला पाठ आहे. मागच्या खोलीत ती लहानपणी एकदाच शिरली होती आणि मी तिच्यावर अशी काही ओरडले की पुढे आठ महिने तिने माझ्याकडे पाऊल टाकले नाही.

ती खोली माझ्या धाकट्या भावाची. तो गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याला आता एकतीस वर्षे झाली. अंगाने इतका बारीक की सगळी लाँड्री त्याला सुतळी म्हणायची, आणि घरीही तेच नाव चिकटले. त्याची खोली मी होती तशी ठेवली होती. पलंग, पलंगाखाली बूट, खिडकीत दाढीचा आरसा. आरसा मात्र मी भिंतीकडे तोंड करून ठेवला, कारण कधी कधी त्यात माझ्या पाठीमागचे दार उघडे दिसायचे, आणि मी तर दार लावूनच आत आलेली असायचे.

गेल्या महिन्यात मी ती खोली रिकामी केली. बूट दिले. पलंग दिला. भाचीने तिथे पाहिजे ते करावे. भिंतीला कोणताही रंग दिला तरी चालेल.

कलम दुसरे. भाचीने नऊ वर्षांपूर्वी मला भेट दिलेले कपडे धुण्याचे मशीन तिलाच परत जावे. ते खोक्यातून बाहेर काढलेले नाही. त्यावर कापड अंथरून मी फुलदाणी ठेवली होती. "मावशी, अगं टेबल नाही ते!" असे ती दर वेळी म्हणायची, आणि मी म्हणायचे की हाताने धुतलेले मला बरे वाटते. ते खोटे होते. तिने ते मनाला लावून घेतले होते, म्हणून खरे कारण लिहिते.

ड्रम फिरताना आत काही जड असले तर आवाज येतो. एका फेऱ्याला एक ठोका. मी तो ऐकला आहे. तीन ठोके ऐकले, चौथ्याआधी यंत्राची कळ खाली आली आणि ड्रम थांबला. तेव्हा दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. त्यानंतर माझ्या घरात रोज त्या वेळेला ते तीन ठोके येतात. मशीन नसताना येतात. असते तर काय झाले असते कोण जाणे.

कलम तिसरे. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना माझे लाकडी कपाट, आतल्या बारा नव्या चादरींसकट. त्या रोज तीन वाजता जमिनीवर काहीतरी आपटतात अशी तक्रार मी घरमालकाकडे सहा वर्षे करत होते. शेवटी एक दिवस त्या शाळेचे वेळापत्रक घेऊन खाली आल्या. "बाई," त्या म्हणाल्या, "तीन वाजता मी पाचवीला भूगोल शिकवत असते. माझ्या घरात तेव्हा कुत्रंसुद्धा नसतं." मी त्यांना दारातूनच परत पाठवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तक्रार केली. कपाट चांगले आहे. डावे दार जरा उचलून लावावे लागते.

कलम चौथे. यात कुणाला द्यायचे काही नाही. सांगायचे आहे.

आमच्या लाँड्रीत दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी यायच्या. मोठ्या ड्रममध्ये माणूस उभा राहील एवढी जागा, पण तोंड अरुंद. चादर फाटून आत गुंतली की कुणीतरी शिरून ती सोडवायची, आणि त्या तोंडातून झटक्यात आत-बाहेर करणारा सुतळी एकटाच. यंत्रांचा आवाज इतका की पलीकडून मारलेली हाक ऐकू यायची नाही. म्हणून खुणा ठरल्या होत्या. ड्रमचे तोंड माझ्या टेबलासमोर होते, कळ पलीकडे, आणि कळीपाशी मुकादम. आतला माणूस बाहेर आला की मी उजवा हात वर करायचा, मग मुकादमांनी कळ वर ओढायची. नियमाप्रमाणे त्यांनी दोन पावले पुढे येऊन स्वतः आत वाकून बघायचे होते. पण ड्रम दिवसातून दहा वेळा अडकायचा, आणि गाडी चादरींसाठी दारात उभी असायची. नियम भिंतीवर होता.

त्या दुपारी वाफ नेहमीपेक्षा जास्त होती. आमच्या कामाच्या निळ्या कोटातला एक बारीक माणूस, डोक्यावर ओली चादर घेऊन, मागच्या दाराकडे जाताना मला दिसला. मला वाटले सुतळी. मी हात वर केला.

तो बॉयलरवरचा माणूस होता. उकाडा सहन होईना म्हणून ओली चादर डोक्यावर घेऊन हवा खायला निघालेला.

हात वर करताना मी हसत होते. शेजारच्या घडीवालीने काहीतरी विनोद केला होता. कोणता विनोद होता ते मी एकतीस वर्षे आठवते आहे. आठवत नाही.

पाच दिवसांनी चौकशी झाली. लाँड्रीच्याच मोठ्या खोलीत, लांब टेबल लावून. आई माझ्या शेजारी बसली होती. चौकशीच्या साहेबांनी विचारले, "खूण कुणी दिली?" कुणीच बोलेना. मग मुकादम उभे राहिले.

"खुणेची वाट पाहिली नाही, साहेब," ते म्हणाले. "आत वाकूनही बघितलं नाही. कळ मी ओढली."

पुढे खटला चालून त्यांना दोन वर्षांचा तुरुंगवास झाला. 'मुकादम' हे पद काढून घेतले, भिंतीवरच्या पाटीवरून नाव खरवडले.

ते बोलले त्या क्षणी मला काय वाटले तेही लिहिते, नाहीतर या कागदाला अर्थ नाही. मला हलके वाटले. मी स्वतःला सांगितले की त्यांनी खुणेची वाट पाहिलीच नाही, म्हणजे माझा हात वाफेत त्यांना दिसलाच नाही, म्हणजे माझ्या हाताने काही झालेच नाही. ते त्यांचे तीन वाक्यांचे बोलणे मी उचलून घरी आणले आणि पुढचे सगळे आयुष्य त्यावर काढले. घरी पोचेपर्यंत मी त्या माणसाचा द्वेष करायला लागले होते. द्वेष केला की हात आठवत नसे.

कलम पाचवे. तुरुंगातून सुटल्यावर मुकादमांना कुणी दारात उभे करेना. शेवटी चर्चने त्यांना दफनभूमीचे राखणदार म्हणून ठेवून घेतले. फाटकाशेजारी एक खोली, नवरा-बायको दोघे. म्हणजे माझ्या भावाच्या कबरीवरचे गवत तेच काढायचे. त्यांनी ठेवलेली फुले मी उचलून कुंपणाबाहेर फेकायचे.

दर रविवारी उपासना सुटली की मी तिथे जायचे. आधी कबरीपाशी, मग त्यांच्या खोलीसमोर. बोलायचे काही नाही. नुसती उभी राहायचे, अर्धा तास, पाऊस असो, ऊन असो. ते जेवत असले तर ताट बाजूला सारायचे. भूत माणसाच्या मागे लागते म्हणतात. मी जिवंतपणी त्या माणसाच्या मागे लागले होते.

एकदा त्यांची बायको बाहेर आली. हात ओले होते, पदराला पुसत म्हणाली, "पुरे करा हो बाई. हा माणूस शनिवारपासून जेवत नाही."

मी म्हणाले, "माझा भाऊ तर कायमचाच जेवत नाही."

ती सहा वर्षांपूर्वी वारली. तिची क्षमा मागायची राहिली. ते या कागदाने भरून निघत नाही, कशानेच निघत नाही. तिच्या कबरीवर दगड नाही, नुसता लाकडी क्रूस आहे, तोही कलला आहे. माझ्या बँकेतल्या पैशांतून आधी तिथे चांगला दगड बसवावा. उरेल ते भाचीला.

कलम सहावे. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना मी माझा जाड भिंगाचा वाचनाचा चष्मा ठेवते, कारण ते बायबल हात लांब करून वाचतात आणि चष्मा लावायला लाजतात. त्यांच्यामुळे जे झाले ते असे.

एकतीस वर्षे मी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेतला नव्हता. प्याला माझ्या बाकाशी आला की मान हलवून पुढे जाऊ द्यायचे. लोकांना वाटायचे दुःखाने. प्रभूच्या प्रार्थनेत 'जशी आम्ही इतरांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर' ही क्षमेची ओळ आली की मी खोकायचे. काही महिन्यांपूर्वी मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाळकसाहेब भेटायला आले. मी त्यांना म्हणाले, "मरायच्या आत एवढं करून द्या. मला त्या माणसाला क्षमा करता येत नाही."

"कशाबद्दल करायची आहे?" त्यांनी विचारले.

"सगळ्या गावाला माहीत आहे. त्यानं माझा भाऊ मारला."

"हो, पण नेमकं काय केलं?"

"खूण न बघता कळ ओढली."

"खूण दिली नव्हती का कुणी?"

प्रश्न साधा होता. ते त्या चौकशीच्या वेळी शाळेत जात असतील, त्यांना काय ठाऊक. पण तो प्रश्न साहेबांनी विचारल्यानंतर पुन्हा कुणी मला विचारला नव्हता. चहा गार झाला. त्यांनी घाई केली नाही. मी माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग तो हात टेबलावरून उठला, खांद्याच्या वर गेला आणि तिथेच राहिला.

"अशी दिली होती," मी म्हणाले.

पाळकसाहेबांनी गार चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "ताई, हात खाली घ्या. एकतीस वर्षं झाली."

मला तो खाली घेता येईना. त्यांनी उठून, माझे मनगट धरून, लहान मुलाचा घ्यावा तसा तो खाली घेतला. मी तेव्हा जशी रडले तशी सुतळीला मातीत ठेवतानाही रडले नव्हते.

रडून झाल्यावर मी विचारले, "देव याची क्षमा करेल?"

"ते क्रूसावर झालंय. तुम्ही ते घ्यायचं राहिलंय," ते म्हणाले. "पण ताई, फाटकापाशी एक माणूस राहतो. त्याला टाळून मला तुम्हाला वेदीपाशी नेता येणार नाही."

कलम सातवे. यातही द्यायचे काही नाही.

मी मंगळवारी सकाळी गेले. मुकादम दारात बसून कात्रीला धार लावत होते. मला बघून त्यांनी कात्री खाली ठेवली. "आज रविवार नाही, बाई," ते म्हणाले. टोमणा नव्हता. त्यांना खरेच वाटले की मी वार चुकले.

मी उभ्यानेच सांगितले. सगळे पाठ करून गेले होते, पण तोंडातून एवढेच निघाले, "हात मी वर केला होता."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला दिसला होता?"

"वाफेतून तेवढाच दिसत होता."

मी खाली बसले, पायरीवर. मी विचारले, "मग बोलला का नाहीत?"

ते कात्रीच्या पात्यावरून अंगठा फिरवत होते. "चौकशीला तुमच्या आई तुमच्याजवळ बसल्या होत्या. तुमचा हात दोन्ही हातांत धरून. तोच हात. पोरगा चार दिवसांपूर्वी पुरलेला. आता तो हात मी त्यांच्या हातातून काढून घ्यायचा आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायचा? नाही जमलं मला."

मला आधी रागच आला. तोच जुना, पाठ झालेला राग. "म्हणजे एवढी वर्षं उपकार करत होतात माझ्यावर?" मी म्हणाले. "मी दारात येऊन उभी राहायचे तेव्हा मनात हसत असाल."

"हसू कुठून येणार? तुरुंगात तुमच्या नावानं शिव्या घालायचो. रोज. मग तिथं एक म्हातारे पाळक यायचे. त्यांनी विचारलं, त्या बाईनं हात केला, पण तुझे पाय कुणी बांधले होते का? दोन पावलं पुढं यायचं, वाकायचं. मी आलो नाही. ते माझं मीच प्रभूपाशी ठेवलं. तुमचं तुमच्याकडे होतं. ते मी कसं ठेवणार? तुम्ही आणायची वाट बघत होतो."

"आणि आणलं नसतं तर?"

"तर तुम्ही उभ्या राहिला असतात. मी ताट बाजूला ठेवलं असतं."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी पाय आत ओढले आणि म्हणाले, असले काही करायचे नाही, प्रार्थना करायची असेल तर करू. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. क्षमेच्या ओळीपाशी ते थांबले, मीही थांबले. आधी कुणी म्हणायचे असा पेच होता. मग दोघांनी एकदम म्हटली. मला खोकला आला, पण तो खरा होता.

कलम आठवे. हे सगळे मी मेल्यावर चर्चमध्ये वाचून दाखवावे, असे मी आधी लिहिले होते. मुकादमांना दाखवले तर ते म्हणाले, "मी तुमच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा आहे. मी आधी गेलो तर मला कोण वाचून दाखवणार?" म्हणून ते मी जिवंतपणीच वाचले, रविवारच्या उपासनेनंतर, मंडळीसमोर उभी राहून. माझ्या शेजारच्या टेबलावरची घडीवाली अर्ध्यातून उठून गेली. तिला दोष देत नाही. काही जण मुकादमांशी हात मिळवायला गेले आणि ते भलतेच अवघडले. त्या दिवशी मी प्रभुभोजन घेतले. भाकरीचा तुकडा तोंडात बराच वेळ राहिला, गिळता येईना. मग गिळला.

सुतळीचे जिच्याशी लग्न ठरले होते ती टायपिस्ट आता आजी झाली आहे. मी तिच्या घरी गेले आणि तिलाही सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकले, मग दार लावून घेतले. तिचा तो हक्क आहे. तिची सुतळीला आलेली पत्रे डब्यात आहेत. मी ती उघडलेली नाहीत. भाचीने ती तिच्याकडे न्यावीत. दार लावले तर पायरीवर ठेवून यावे. जाळू नयेत.

कलम नववे. पूर्वी या जागी शाप होता. आता इथे मुकादमांना काही ठेवणार होते, ते का ठेवले नाही याचा खुलासा शेवटच्या कलमात आहे. इथे ठोक्यांबद्दल लिहिते, कारण भाची या घरात राहणार.

ते थांबले असे लिहिले तर खोटे होईल. तीन वाजून दहा मिनिटांनी अजून येतात. पूर्वी मी कान दाबून अंगणात पळायचे. आता खुर्चीतच बसते. सुतळीला नावाने हाक मारते, मोठ्याने, आणि प्रभूला सांगते की हा तुझ्यापाशी आहे, माझ्या ड्रममध्ये नाही. एक ठोका, दुसरा, तिसरा. मग शांत. चौथा ठोका आयुष्यात कधी वाजलाच नव्हता, पण मी एकतीस वर्षे श्वास धरून त्याचीच वाट पाहत असायचे. आता तिसऱ्यानंतर श्वास सोडते. भाचीला काही ऐकू येणार नाही असे मला वाटते. ते माझे होते, माझ्याबरोबर जाईल.

कलम दहावे आणि शेवटचे. दफनभूमीत सुतळीच्या शेजारची जागा मी माझ्यासाठी राखून ठेवली आहे. पलीकडे आणखी एका कबरीपुरती जागा माझ्याच नावावर आहे. तिथे एक माणूस येऊ नये म्हणून ती मी अडवून ठेवली होती. कोण ते लिहायला नको. ती मला मुकादमांना द्यायची होती. वकीलबाई म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि मला साक्षीदार म्हणून तेच हवे होते. मी मुकादमांना विचारले, "जागा हवी की सही कराल?"

"मला बायकोजवळ जागा आहे," ते म्हणाले. "कागद कुठाय?"

म्हणून त्यांना काही ठेवलेले नाही. ती जागा चर्चने ज्याला कुणी नाही अशा कुणालाही द्यावी.

याखेरीज माझे म्हणून काही राहिले असल्यास ते सोडून दिले आहे असे समजावे.

ठिकाण: राहते घर, मागची खोली.
दिनांक: चौदा, गुरुवार, सकाळी.
सही: घडीवाली, पूर्ण नाव शिक्क्याच्या प्रतीवर.

साक्षीदार पहिले: बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. जिना चढू नका असे सांगितले आहे, त्या चढतात. सही माझ्यासमोर केली.
सही: डॉक्टर.

साक्षीदार दुसरे: बाईंनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले. माझ्याबद्दल जास्त चांगले लिहिले आहे, ते कमी करा म्हटले, ऐकले नाही. सही माझ्यासमोर केली. हुद्दा काय लिहू विचारले, तर बाईंनी सांगितला तो लिहितो.
सही: मुकादम, निवृत्त.